सदाची झोपलेली बाजू

६ ऑक्टोबर
तळा गावाहून आगरदांड्याला आलो. ओंकारला बोटीवर मेकॅनिकचं काम, मला मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात. खिडकीतून जेट्टी दिसते, म्हणजे नवरा गेला-आला सगळं खुर्चीत बसून कळणार! कॉम्प्युटरला दोन बाजू आहेत, म्हणजे दोन सिस्टिम. चालू करताना विंडोज की लिनक्स ते निवडायचं. विंडोज आधीच्या क्लार्कचं, सदाचं. तो वर्षापूर्वी बोटीवर गेला तो आलाच नाही. लिनक्स माझं.

८ ऑक्टोबर
सोसायटीचे चेअरमन धर्माशेठ, त्यांना सदाच्या फोल्डरमधल्या, समुद्रात मासळी कुठे मिळते त्या जागा हव्यात. लिनक्स विंडोजची ड्राइव्ह उघडतच नाही. म्हणतं, विंडोज बंद केलेलं नाही, झोपवलेलं आहे, हात लावू नका. पासवर्ड फक्त सदाला ठाऊक. ऑफिस झाडायला येणारी गोदूताई त्याची बायको. हातात अजून हिरव्या बांगड्या. म्हणाली, "सापडले न्हाईत तवर गेले न्हाईत. झोपू दे त्यांना." वाईट वाटलं. पण कॉम्प्युटरला कसली आलीय माया!

९ ऑक्टोबर
झोप पुसून टाकायची कमांड सापडली. विंडोजवर उघडं राहिलेलं काम जातं, फायली राहतात. एका ओळीत काम फत्ते! शेठ इतके खूश की त्यांनाही ती कमांड शिकवली. जागा कागदावर उतरवून ओंकारच्या बोटीला दिल्या.

१० ऑक्टोबर
सकाळी सदाचं प्रेत किनाऱ्याला लागलं. वर्षानं. अंग ताजं, रात्रीच बुडाल्यासारखं. गोदूताई रडली नाही, माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी मारलं का त्याला? ओंकार म्हणाला, योगायोग गं. आणि बोटीवर चढला.

१३ ऑक्टोबर
बोट काल यायला हवी होती. फोन लागत नाही. सदाच्या जागांवरच गेलीय — मीच दिलेल्या.

१४ ऑक्टोबर
ड्राइव्ह पुन्हा उघडेना. झोपवलेलं आहे म्हणतं. मी तर विंडोजला हात लावला नव्हता. सुरू करून पाहिलं — सदाचं नाव नाही. तिथे ओंकार. पासवर्ड मागतोय.
म्हणजे आहे. अजून आहे.

१५ ऑक्टोबर
शोधायला निघालेल्या बोटींना त्या जागा हव्यात; कागद ओंकारच्या बोटीवर, बाकी सगळं त्या ड्राइव्हवरच. शेठच्या पाया पडले, मशीनला हात लावू नका म्हटलं. पोरीला वेड लागलं म्हणाले. मला बाहेर काढून आतून कडी घातली. पायरीवर बसून लिहितेय. कमांड मीच शिकवली — मीच. गोदूताई दार बडवतेय. आतून बटणांचा आवाज — शेठ, नका, तो झोप—