लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपमधील गैरहजर उमेदवाराच्या जागेबाबत

प्रति,
मा. शिकाऊ उमेदवारी अधिकारी,
व्यवसाय मार्गदर्शन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : अर्जदारास न विचारता दुसऱ्यास दिलेली जागा परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले तोंडी उत्तर, "नंतर बघू."

महोदय,

१. अर्जदार सज्ञान असून तिने यंदा कॉलेजची शेवटची परीक्षा उत्तीर्ण केली. त्यानंतर तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला, मामांच्या ओळखीने एका दुकानात हिशेबाची नोकरी चालून आली, आणि लिफ्ट दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली. तिन्हींचा विचार करून अर्जदाराने दुकानाला नकार कळवला आणि वर्कशॉप निवडले. निवड चाचणीत लिफ्टचा ब्रेक खोलून पुन्हा जोडायचा होता. तिने जोडलेला ब्रेक पहिल्याच झटक्याला लागला, तेव्हा वर्कशॉपप्रमुख म्हणाले, "सोमवारपासून ये. केस बांधून ये." एवढा आनंद तिला कोणत्याही निकालाने झाला नव्हता. सदर बाब आपल्या कामाची नसली तरी नोंद असावी.

२. सोमवारी अर्जदार केस बांधून गेली. फाटकावर तिला सांगण्यात आले की, तिने माघार घेतली आहे. चौकशीअंती असे कळले की, आदल्या आठवड्यात अर्जदाराचे मामा आपल्या दालनात येऊन चहा पिऊन गेले. "पोरगी हुशार आहे, तिला तेला-वंगणात कशाला घालायचं? ती विद्यापीठातच जाणार," असे त्यांनी सांगितले आणि आपण लगेच वर्कशॉपला फोन केला. आपल्यासमोर अर्जदाराचा फोन नंबर होता. तो फिरवण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत.

३. रिकामी झालेली जागा त्याच बैठकीत मामांच्या मुलास देण्यात आली. हे अर्जदाराच्या आईला समजताच तिने भावाला फोन करून विचारले, "दादा, तुझ्या मुलासाठी हवी होती तर सरळ मागायचीस. माझ्या मुलीचं भलं कशाला मध्ये आणलंस?" मामांनी फोन ठेवला. आईने त्यांच्याशी बोलणे सोडले आहे.

४. सदर मामेभाऊ वर्कशॉपमध्ये जेमतेम आठवडाभर टिकला. त्याला उंचीची भीती वाटते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते. "मला हे नकोच होतं गं, बाबांनी ढकललं," असे त्याने अर्जदारास येऊन सांगितले. त्याला हातात पगार हवा होता. तो आता कुरिअरची गाडी चालवतो आणि सुखात आहे. अर्जदाराचा त्याच्यावर राग नाही.

५. यावर अर्जदार आपल्याकडे जागा मागण्यास आली असता आपण म्हणालात, "जागा रिकामी नाही. उमेदवार गैरहजर आहे." तो परत येणार नाही, हे त्याने स्वतः येऊन सांगितले, तेव्हा आपण त्यास म्हणालात, "तू गैरहजर आहेस, तुझं म्हणणं कसं नोंदवू?" तो आपल्या टेबलासमोर उभा होता, महोदय. वर्कशॉपप्रमुखांनी फोन करून माणूस मागितला, त्यांनाही आपण उमेदवार दिलेला असल्याचे कळवलेत. सबब तेथील बाकड्यावर ब्रेक उघडे पडून आहेत, आणि ज्याला नको त्याची जागा, जिला हवी तिच्यापासून आपण राखत बसला आहात.

६. अर्जदार रडू लागली, त्यावर आपण पाण्याचा ग्लास पुढे सरकवून म्हणालात, "तुला विद्यापीठ आहे ना? मग तुझं नुकसान काय झालं?" अर्जदार ते पाणी प्यायली, याचे तिला अजून वाईट वाटते. सदर प्रश्नाचे उत्तर तिने आज सकाळी दिले आहे. विद्यापीठात स्वतः जाऊन तिने प्रवेश रद्द केला. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "घरी माहीत आहे का?" अर्जदाराने हो म्हटले. ते खोटे होते. घरी हे आज संध्याकाळी सांगायचे आहे. परंतु तिला दुसरी सोय आहे, हे आपले कारण यापुढे चालणार नाही.

७. तरी जागा आजच्या आज अर्जदाराच्या नावे करावी. नकार द्यायचा असल्यास तो लेखी, कारणासह आणि आपल्या सहीने द्यावा. मामांना बोलावू नये. उत्तर टपालाने पाठवण्याचीही तसदी घेऊ नये. दार उघडल्यास अर्जदार समोर दिसेल.

आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,
अर्जदार
(सही)

दिनांक : आजचा, कार्यालय बंद होण्यापूर्वी.
सोबत : प्रवेश रद्द केल्याची पावती.