पत्रकाचं मागचं पान

२ डिसेंबर, सोमवार

नाही म्हणायचं ठरवून गेले होते. हो म्हणून आले!

काल चर्चमधली उपासना संपल्यावर प्रफुलने दारातच गाठलं. मंडळीचा सेक्रेटरी आता तोच. "वहिनी, नव्या वर्षात पत्रक नवं, वेबसाइट नवी. आमची रीना बनवून राहिली. पण नावांची यादी तुमच्याशिवाय कोण तपासन? प्रेमानंददादा असते तर तुमाले तरास दिला नसता."

यांचं नाव काढलं की मला नाही म्हणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

चोवीस वर्षं मंडळीचं हे मासिक पत्रक यांच्या हातचं होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल मिलची ड्यूटी करून लिहायचे, पॉवर हाऊस भागातल्या प्रेसमध्ये छापून आणायचे. मी सहावी शिकलेली. हे हातच्या कागदावरून मोठ्याने वाचायचे, मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवून चूक धरायचे. तशीच वाचायला शिकले. पुढे जाडजाड पुस्तकं वाचली, पण सुरुवात याच चार पानांनी — कोणाचा बाप्तिस्मा, कोणाची बदली.

हे गेले आणि पत्रक फोनवर आलं. घरोघर नेणारा उरला नाही ना.

काल पहिला रविवार. डिसेंबरात लग्नाचा वाढदिवस असलेली जोडपी पुढे बोलावली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मी बाकावर. हे जाऊन दोन वर्षं झाली, सवय व्हायला हवी होती.

फाटकाशी तुळसाकाकू. भिलाई-३ हून नातवाच्या स्कूटरवर आलेल्या. "पत्रक कावून नाही येत वं आता?"

"फोनवर येते, काकू."

"फोन नातवाचा. तो रेल्वेत, राहते इंजिनावर. मले कागद पायजे. तू कागद घेऊन येशीन तवा तुले एक चीज द्याची हाय."

काकूंना अक्षरओळख नाही. कागद कशाला हवा? चीज म्हणजे लिंबाचं लोणचं असणार.

५ डिसेंबर, गुरुवार

प्रफुलची लेक रीना आली होती. नोकरी रायपूरची, काम घरी बसून. मराठी घरापुरती, तीही अर्धी. यादीचे सात कागद आणि एक लाल पेन ठेवून गेली. "काकू, जे नाहीत ना, त्यांना काट दो. बाकी मैं देख लूँगी."

दुपारभर बसले. शहाण्णव कुटुंबं. चार घरं रिटायर होऊन नागपूरकडे गेलेली. त्यांना रेघ. अकरा माणसं प्रभूजवळ गेलेली. त्यांनाही रेघ. आमच्या यादीत पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचा. तिथे नाव पुरुषाचं, खाली बायको, त्याखाली लेकरं.

अकरावी रेघ यांच्या नावावर. वाकडी आली. पुन्हा नाही ओढली.

८ डिसेंबर, रविवार

आज अंगणात चहाच्या वेळी रीनाने वेबसाइट दाखवली. चर्चचा फोटो छान आलाय, मागे गुलमोहर. सगळे फोनवर आपापली नावं शोधत होते. मीही शोधलं. नाही सापडलं.

मैनाबाईचं नाही. तुळसाकाकूंचं नाही. वर लिहिलेलं — एकूण कुटुंबे ८१.

रीनाने पुन्हा पुन्हा पाहिलं. "काकू, हेड डिलीट हुआ तो पूरी फॅमिली जाती है. सिस्टममें ऐसा ही है."

प्रफुल मोठ्याने हसला. "वाह वहिनी! सोताच्या हातानं सोतालेच काटलं!"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन चपला काढताना हसू कुठे गेलं कळलं नाही. अकरा बायका एका दुपारी, माझ्या लाल पेनाने. त्यांतल्या कितीतरी मुलं बाहेरगावी असलेल्या, एकेकट्या राहणाऱ्या. उद्या कोणी आजारी पडली तर पाळकसाहेब कोणत्या यादीत पत्ता पाहतील?

कॉम्प्युटरला बोल लावून काय उपयोग. जुनं रजिस्टरही असंच होतं. त्याचे रकाने यांनीच आखलेले! कॉम्प्युटरने ते खरं धरलं, एवढंच.

९ डिसेंबर, सोमवार

रीनाला फोन. अकरा जणींची नावं पहिल्या रकान्यात घाल म्हटलं. "आप लिख के दो, पापाको पूछना पड़ेगा." लिहून देते. पण नीट, जिचे-तिचे तपशील विचारून.

१२ डिसेंबर, गुरुवार

सेक्टर २ ला मैनाबाईकडे गेले. तिचा नवरा केवलराम जाऊन सहा वर्षं झाली. लेकाच्या क्वार्टरमध्ये असते. फोन नंबर घेतला, वाढदिवस घेतला. मग ती म्हणाली, "अन् ते तारीख?"

"कोणती?"

"आमच्या लग्नाची. तीन जानेवारी."

पत्रकाच्या मागच्या पानावर महिन्याचे वाढदिवस आणि लग्नाच्या तारखा असतात. आमच्यात लग्नं नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पाहुणे सुट्टीवर आलेले असतात म्हणून. त्या दोन महिन्यांच्या याद्या सर्वांत लांब. जोडीतला एक गेला की तारीख यादीतून निघते. कोणी ठरवलं माहीत नाही. तसंच चालत आलंय. मी तसं सांगितलं.

"निघते? माह्यी तं दरसाल येत होती!"

पलंगाखालून पेटी ओढली. साड्यांच्या खाली चार जुने अंक. मागचं पान. छापील यादी संपते तिथे, मोकळ्या जागेत, निळ्या शाईने — ३ जानेवारी, केवलराम व मैनाबाई.

अक्षर यांचं! पोट फाडलेला 'क', लांब शेपटीचा 'ल'.

"दादा सायकलवर घेऊन येत. दारातच देत, पाणीबी नाही पेत. तुमाले माहीत नाही?"

मला माहीत नाही. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि मला माहीत नाही.

"तू कधी बोलली कावून नाहीस, मैना?"

"मले वाटलं, माह्यावरच दया करून राहिले. बाकीच्याइले वाईट वाटन."

१३ डिसेंबर, शुक्रवार

आणखी तिघींना फोन केले. तिघींकडे तेच. प्रत्येकीला वाटलं, आपल्याच कागदावर.

महिन्याचा शेवटचा रविवार. झोळी, सायकल, आणि जेवण होताच बाहेर! मी किती भांडायचे. "घरी बायको हाय का नाही?" हे म्हणायचे, "येतो ना, चहा ठेव." चहा तीनदा गरम व्हायचा.

आणि आमच्या स्वतःच्या तारखेला घरात एक शब्द नाही. त्याचा राग मी आजवर धरून होते.

१५ डिसेंबर, रविवार

कमिटीसमोर उभी राहिले. दोन गोष्टी मागितल्या — अकरा जणी यादीत स्वतःच्या नावाने, आणि लग्नाची तारीख मागच्या पानावर कायम.

पहिली लगेच मान्य. दुसरीवर प्रफुल म्हणाला, "वहिनी, पाळकसाहेब जोडप्याले पुढं बोलवून दोघाच्या सुखी संसारासाठी प्रार्थना करतात. एकटी उभी राहिली तं काय मागाव त्याइनं?"

पाळकसाहेब कपातल्या चहाकडे पाहत होते.

कोणीतरी मागून, "नव्या वर्षाच्या पहिल्याच अंकात मेलेल्याइचं कावून?"

"मेलेल्यांचं नाही," मी म्हटलं. "आमचं आहे. आमचंही लग्न झालंय."

मग प्रफुल हळू आवाजात — तो वाईट नाही — "मंडळीले पुढं न्याचं हाय, वहिनी. तारखेचं पुढच्या साली पाहू."

म्हणजे नाही.

एवढं मात्र मिळालं की ज्यांना फोनवर वाचणं जमत नाही त्यांना कागदावर पत्रक द्यायचं. रीना म्हणाली घरच्या प्रिंटरवर काढते. वाटायचं कोणी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरं.

बाहेर रीना पाठोपाठ आली. "काकू, मागच्या पानावर नीचे चार लाइन की जगह खाली सोडते. चलेगा?"

मी तिच्याकडे पाहिलं. पोरीला सगळं समजलं होतं.

२२ डिसेंबर, रविवार

नव्या अंकाची तपासणी. रीना पडद्यावरून मोठ्याने वाचत होती, मी कागदावर बोट ठेवून. 'ज्येष्ठ'ला अडखळली, 'कृतज्ञता'ला तर थांबलीच. सात चुका सापडल्या. "काकू, आप तो स्पेलचेक हो!"

यादीत कुटुंबे ९२. बरोबर आहे. चार घरं गेली तीच. माझ्या नावावर बोट जरा जास्त वेळ राहिलं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. हैदराबादहून लेकाचा, भूषणचा फोन. नातीने गाणं म्हटलं. केक नीट फुगला नाही, तरी संपला.

२८ डिसेंबर, शनिवार

आज त्रेचाळीस झाली असती. की झाली? दोघांतला एक उरला तर मोजायची की नाही, मला ठरवता येत नाही.

जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. हे गेले त्या वर्षी सप्टेंबरात डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. तीन महिने, म्हणाले. मी भूषणला सांगितलं, यांना नाही. यांना म्हटलं, अल्सर आहे, औषधाने जाईल. हे म्हणाले, "बरं."

रोज विचारायचे नाहीत, तरी मी रोज सांगायचे. आज चेहरा बरा दिसतो. आज दोन घास जास्त गेले. हे म्हणायचे, "बरं."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चालवत नव्हतं, तरी पत्रकं घेऊन ऑटोने निघाले. मी दार अडवलं. "एवढ्या खेपी जाऊ दे," म्हणाले. परतले तेव्हा ओठ पांढरे पडलेले. महिन्याभरात गेले.

माणसाला निरोप घ्यायचा असतो. काही सांगायचं असतं, काही विचारायचं असतं. मी तो दरवाजाच बंद केला. धीर दिला असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, जाण्याची गोष्ट यांची होती आणि मी ती यांच्यापासून चोरली. यांना शेवटपर्यंत माहीतच नव्हतं. दोन वर्षं हे असंच आत बसलंय. सकाळी उठले की आधी हेच आठवतं.

२९ डिसेंबर, रविवार

महिन्याचा शेवटचा रविवार. यांची झोळी खुंटीवरून काढली, धुतली नव्हती. ऑटो केला.

जानेवारीतल्या तारखा चौघींच्या. निळा पेन मुद्दाम आणला. मैनाबाईच्या दारात उभं राहूनच लिहिलं — ३ जानेवारी, केवलराम व मैनाबाई. माझं अक्षर यांच्यासारखं नाही, ओळ वर चढते.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमचा 'क' जाडा हाय." आणि आत जाऊन रडली. मी पाणी न पिता निघाले. आता समजलं हे पाणी का पीत नव्हते. बसलं की उठवत नाही.

दहा कागद पोचले. तुळसाकाकूंच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे दुर्गला गेल्या, मंगळवारी येतात.

३१ डिसेंबर, मंगळवार

भिलाई-३. काकूंच्या कागदावर लिहिलं — ६ जानेवारी, आनंदराव व तुळसाबाई. काकूंनी शाईवरून बोट फिरवलं. आत गेल्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला घडीचा कागद घेऊन आल्या. लोणचं नव्हतं.

"प्रेमानंद आखरी आला तवा देऊन गेला. म्हणे, पत्रक घेऊन जो येईन त्याच्याच हाती द्या. तुमाले वाचता येत नाही म्हणून तुमच्यापाशी ठेवतो. मी वाट पाहून राहिली होती, पोरी. कोणी कागद घेऊन येच ना."

वर यांच्या अक्षरात — 'शाईने लिहायच्या तारखा'. खाली आठ विधवांची नावं, आठ तारखा. मग नववी ओळ.

२८ डिसेंबर, प्रेमानंद व शालू.

कोपऱ्यात दिवस घातलेला, तीस ऑक्टोबर. त्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, आज चेहरा बरा दिसतो. हे म्हणाले होते, "बरं."