कलनाचा वर्ग पुन्हा भरवण्याबाबत आणि तपासणी सदस्यांबरोबर गेलेल्या खडूबाबत

दि. १९ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
पदवी अभ्यासक्रम तपासणी समिती,
विद्यापीठ कार्यालय.

(मा. प्राचार्य, सावित्रीकाठ विज्ञान महाविद्यालय, बिरवाडी, ता. महाड, जि. रायगड यांचेमार्फत)

अर्जदार : सौ. अनुपमा सुनील उतेकर, सहायक प्राध्यापक, गणित विभाग.

विषय : प्रथम वर्ष विज्ञान शाखेचा स्थगित केलेला कॅल्क्युलसचा वर्ग पुन्हा सुरू करणेबाबत, तसेच समितीचे सदस्य डॉ. विपुल सोहोनी यांचेकडे राहिलेला खडू त्यांच्यासह परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपले वर्गस्थगितीचे पत्र, दि. ९ सप्टेंबर २०२५.

महोदय,

१. संदर्भीय पत्रान्वये माझा कॅल्क्युलसचा वर्ग पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात आला असून, विद्यार्थ्यांनी या महिनाअखेरीपर्यंत गणित सोडून दुसरा विषय घेण्याचे अर्ज भरावेत, असे आपण कळविले आहे. पत्र मी आदरपूर्वक वाचून दाखविले. वर्गातील एकही विद्यार्थी दुसरा विषय घेण्यास तयार नाही. गणितात नापास होण्याच्या धाकाने दरवर्षी पहिल्या सहामाहीतच निम्मा वर्ग रिकामा होतो, हे आपल्या कार्यालयास माहीत आहेच. यंदा पोरे गणित सोडत नाहीत, ही तक्रार बहुधा प्रथमच आपल्यासमोर येत असावी. तेव्हा सर्व हकीगत पहिल्यापासून सादर करण्याची परवानगी असावी.

२. मी पोलादपूर तालुक्यातील कुडपणची सून. आमच्या गावी दर वैशाखात सप्ताह बसतो आणि मला कीर्तनाचे वेड आहे, हे मी लपवीत नाही. कीर्तनकार चार ओळींचा एक अभंग घेतात आणि त्यावर दोन-अडीच तास बोलतात. दिवसभर गुरांमागे डोंगर चढून आलेली माणसे जागची हलत नाहीत. आमच्या वर्गात मात्र पाऊण तासात वीस सूत्रे फळ्यावर उतरतात आणि दहाव्या मिनिटाला मागचा बाक पेंगू लागतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय, असे विचारले की पोरे सांगतात, घात खाली उतरवायचा आणि वरचा एकाने कमी करायचा. कशाला उतरवायचा, तर परीक्षेत तसे करतात. देवळात माणसे जागी राहतात आणि वर्गात झोपतात, याचे कारण पोरांच्या डोक्यात शोधू नये, शिकविण्याच्या रीतीत शोधावे, असे मला वाटले.

३. म्हणून यंदा जुलैपासून मी रीत बदलली. कीर्तनात मूळ अभंग असतो तसा वर्गात एक मूळ प्रश्न असतो. तो सुटेपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. सूत्राचा अर्थ आपल्या तोंडाने सांगता आला, तरच ते सगळ्यांनी मिळून चालीवर म्हणायचे. आणि सप्ताहात विणा जसा जमिनीवर टेकवीत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, तसा खडू खाली ठेवायचा नाही. ज्याच्या हाती खडू, त्याने फळ्याशी उभे राहून बोलत राहायचे. त्याच्यापुढचे काही सांगता येईल असे ज्याला वाटेल, त्याने उठून खडू घ्यायचा. तोवर पहिल्याची सुटका नाही. या एका नियमाने वर्गातील मुखदुर्बळ पोरेही बोलू लागली. उभे राहून पाय दुखतात, महोदय, आणि पाय दुखू लागले की डोके चालते.

४. आपल्या पत्रात हा वर्ग म्हणजे धार्मिक कार्यक्रम असून तेथे वाद्य वाजविले जाते, असा आक्षेप आहे. वर्गात देवाचे नाव घेतले जात नाही. मी ते घरी घेते आणि भरपूर घेते. वाद्याबद्दलचे म्हणणे मात्र बरोबर आहे. महाडचा नागसेन तांबे हा विद्यार्थी त्यांच्या वस्तीतील गायन पार्टीत ढोलकी वाजवितो. त्याने पहिल्या आठवड्यात मला स्पष्ट विचारले की मॅडम, ही रीत तुमच्या देवळातली, मग यात आमचे काय. मी म्हटले, प्रश्न विचारायला देऊळ लागत नाही आणि सूत्राला ठेका तुझ्याइतका चांगला कोण देणार. दुसऱ्या दिवशी तो ढोलकी घेऊन आला. गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम, म्हणजे पहिला तसाच ठेवून दुसऱ्याचा काढणे आणि दुसरा तसाच ठेवून पहिल्याचा काढणे, हा त्याने असा काही बसविला आहे की ग्रंथालयातील शिपाईसुद्धा तो गुणगुणतात. ते विज्ञान शाखेचे नाहीत.

५. अभ्यासक्रम मागे पडला, हाही आक्षेप आहे. त्याबाबत एकच प्रसंग नमूद करते. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग, एवढे मी सांगितले आणि नागसेनच्या हाती खडू होता. तो म्हणाला, हे महाडात सगळ्यांना येते. पूर आला की पाणी किती आले हे कोणी विचारीत नाही, कसे चढतेय ते विचारतात. दुकानातला माल कोणत्या फळीवर चढवायचा ते त्यावरच ठरते. मग त्याने फळ्यावर रेघ वाकवली आणि म्हणाला, "आणि आमचे आजोबा पायरीवर बसून सांगतात, पाणी अजून चढतंय, पण त्याचा दम सुटलाय. म्हणजे वेगाचाही वेग असतो ना, मॅडम?" महोदय, हा दुसरा डेरिव्हेटिव्ह होय. तो अभ्यासक्रमात दिवाळीनंतर आहे. आमच्याकडे तो गणपतीआधी आपणहून आला. मी आनंदाने टाळ्या वाजविल्या. शेजारच्या वर्गाच्या तक्रारीवरून त्यास आपल्या तपासणी अहवालात गोंगाट म्हटले आहे.

६. आता तपासणीच्या दिवसाबद्दल. त्या दुपारी मूळ प्रश्न कुडपणच्या मानसी शेलारचा होता. ती एसटीने घरी जाते तेव्हा चालकाजवळच्या बाकावर बसते आणि घाटात वेगाच्या काट्याकडे पाहत राहते. तिने विचारले की काटा वीसवर आहे, त्या एका क्षणी गाडी तर कुठेच जात नाही, एकाच जागी असते. मग ते वीस कोणाचे. खडू गणूच्या हाती होता. गणू बिरवाडीचाच, स्वभावाने गरीब. बराच वेळ त्याला काही सुचत नव्हते आणि कोणी उठतही नव्हते. तेवढ्यात आपले सदस्य डॉ. सोहोनी दारात आले. आमच्याकडे सप्ताहात कोणी मान्यवर आले की विणा आधी त्यांना देतात. गणूने त्याच रीतीने दोन्ही हातांनी खडू पुढे केला व पायांना हात लावला. सरांनी तो हसून घेतला. गणू जाऊन बसला. त्याने हे मान देण्यासाठी केले की सुटका करून घेण्यासाठी, हे मी त्याला विचारलेले नाही.

७. सरांना वाटले, दोन मिनिटांचे काम. त्यांनी लिमिटची व्याख्या लिहिली, तीत वेळेच्या बारीक तुकड्याला एच म्हटले, आणि खडू टेबलावर ठेवू लागले. अख्खा वर्ग उभा राहिला. नागसेनने ढोलकीवरून हात काढला. मी सरांना नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, ठीक आहे, कोण घेतो. कोणी उठले नाही. मानसी म्हणाली, "सर, तुमचा तो एच शून्य होतो की नाही होत? होत असेल तर भागाकारच होत नाही. नसेल होत तर वीस नेमके नाहीत, विसाच्या आसपास."

येथून पुढे सर रंगले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. कुडपणचा घाट काढला, त्यावर गाडी काढली, गाडीत मानसी काढली. पुस्तकातली भाषा सोडून त्यांनी तिच्याशी घासाघीस मांडली. तू सांग वीसच्या किती जवळ हवे, मी सांगतो वेळ किती कमी घ्यायचा. तिने एक दशांश मागितला, सरांनी दिला. एक शतांश मागितला, दिला. एक सहस्रांश मागितला, तोही दिला. मागचा बाक पुढे येऊन बसला. शेवटी सर म्हणाले, "तू मागायची थकशील, मी द्यायचा थकणार नाही. हेच लिमिट." नागसेनने ढोलकीवर थाप मारली. वर्गाने ते वाक्य उचलले आणि ठेक्यावर म्हटले. माझ्या आजवरच्या नोकरीत लिमिटची व्याख्या ऐकून कोणी टाळी दिल्याचे मला आठवत नाही. माझे डोळे भरून आले होते. त्यामुळे समितीच्या इतर सदस्यांनी दारातून तीनदा खुणा केल्या त्या मला दिसल्या नाहीत, हा माझा दोष मान्य आहे.

८. सरांचा चहा निवला, जेवण गार झाले, हेही खरे. परंतु अहवालात लिहिल्याप्रमाणे त्यांना कोंडून ठेवले नव्हते. दार सताड उघडे होते. मानसी समाधानाने उठली होती, खडू घ्यायला निम्मी वाट आलीही होती, आणि तिथेच थबकली. म्हणाली, "पण सर, काट्याला हे कसं कळतं? तो थोडाच आपल्यासारखा घासाघीस करत बसतो?" सरांनी तोंड उघडले. हात वर गेला. तेवढ्यात समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी त्यांचा कोपर धरला, कोट मी मागून पळत जाऊन गाडीत दिला आणि गाडी निघाली. खडू सरांच्या हातात होता. काचेतून तो वर गेलेला हात आम्हांला वळणापर्यंत दिसत होता.

९. तेव्हापासूनची अडचण अशी की आपण वर्ग स्थगित केला नसता तरी तो चालू शकला नसता. खडू सरांकडे आहे. प्राचार्य साहेबांनी नवी पेटी फोडली, रंगीत खडूही देऊ केले. पोरांनी नम्रपणे नाकारले. त्यांचे म्हणणे असे की विणेकरी विणा घेऊन गावाबाहेर गेला म्हणून कोणी दुकानातून दुसरा आणीत नाही, माणसाला परत बोलावतात. यावर प्राचार्य साहेबांनी हा हट्ट कोणत्या नियमात बसतो असे मला लेखी विचारले आहे. मी उत्तराच्या शोधात आहे.

१०. स्थगितीच्या आदेशाचा मान राखून मी वर्गात पाऊल ठेवत नाही. पोरेही ठेवत नाहीत. ती बाहेर व्हरांड्यात बसतात आणि काट्याला कसे कळते यावर भांडतात. वर्ग चालू असताना जी पोरे येत नव्हती तीही आता येतात. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणारे कारखान्यातले कामगार पाळी सुटल्यावर कठड्यावर टेकतात. त्यांतील एकाने यंत्राच्या काट्याबद्दल असे काही मत मांडले की दोन दिवस फूट पडली होती. माझ्या सासूबाई विठाबाई कुडपणहून मुद्दाम हा प्रकार पाहायला आल्या. तासभर बसल्या आणि मला म्हणाल्या, "गो, बुवा कुठं हाय? बुवाबिगर एवढी माणसं बसलेली मी बघितली नाय." त्यांना मी काय सांगावे, हे आपणच कळवावे.

११. डॉ. सोहोनी यांनी या प्रकाराची चौकशी पूर्ण होईपर्यंत महाविद्यालयाशी संपर्क ठेवू नये, असा आपला आदेश आहे. तो त्यांनी पाळला आहे. मात्र गेल्या मंगळवारी त्यांनी प्राचार्य साहेबांना अन्य कामासाठी फोन केला असता, स्वतःच्या स्कूटरचा वेगदर्शक खोलून पाहिल्याचे त्यांच्या बोलण्यात आले. काट्याचे थोडेसे कळले आहे, पण फोनवर सांगण्यासारखे नाही, फळा लागेल, असे ते म्हणाले. स्कूटर सध्या बंद आहे. प्राचार्य साहेब हे सांगताना हसत होते, जे ते सहसा करीत नाहीत.

१२. सबब, खालीलप्रमाणे विनंती करते.

(अ) कॅल्क्युलसचा वर्ग याच रीतीने पुढे चालू ठेवण्यास परवानगी मिळावी व विषय बदलण्याचे अर्ज भरून घेण्याचा आदेश मागे घ्यावा. मानसीच्या घरून निरोप आला आहे की वर्गच नसेल तर बिरवाडीत खोली कशाला, परत ये. कुडपणहून रोज येऊन-जाऊन शिकणे होत नाही. ती परत गेली तर घाटात काट्याकडे बघत जाईल, आणि तिला उत्तर देणारे तिथे कोणी नसेल. मला एवढीच गोष्ट खरोखर टोचते आहे. बाकी आक्षेपांवर आपण जो शेरा माराल तो मान्य आहे.

(आ) डॉ. सोहोनी यांना महिनाअखेरीपूर्वी एक दिवस शासकीय कामानिमित्त, खडूसह, बिरवाडीस पाठवावे. तो दिवस त्यांची रजा धरू नये. जेवण यावेळी गरम मिळेल, याची हमी मी घेते.

(इ) वर्ग सुरू ठेवणे कोणत्याही कारणाने शक्य नसेल, तर निदान या एका प्रश्नापुरती परवानगी द्यावी. उत्तर मिळून मानसीने खडू हाती घेतला की त्याच क्षणी वर्ग कायमचा बंद करावा, आम्ही कोणीही तक्रार करणार नाही. तथापि, मानसीला एक उत्तर मिळाले की त्यातून ती दुसरा प्रश्न काढते, ही बाब आदेश काढण्यापूर्वी आपल्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजते.

आपल्या आदेशाकडे व्हरांड्यातल्या सगळ्या पोरांसह डोळे लावून बसलेली,

(सही)
अनुपमा सुनील उतेकर

सोबत :
१) स्थगितीच्या पत्राची प्रत.
२) विषय बदलण्याचे अर्ज, सर्व कोरे.
३) काट्याबाबत विद्यार्थ्यांची आतापर्यंतची मते. दोन गट असल्याने दोन स्वतंत्र कागद, कृपया एकत्र टाचू नयेत.