गोटीरामच्या श्वासाचे आकडे

मी, श्रीमती सरोजिनी वसंत निंबाळकर, वय ६८, राहणार सेक्टर १२, खारघर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी दडपण आणलेले नाही. लाज मात्र वाटते आहे. ती लिहून ठेवायला कायद्याची हरकत नसावी.

१. खारघरची सदनिका माझी भाची मंजुषा हिला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बाल्कनीतला जाईचा वेल सोसायटीने कितीही नोटिसा लावल्या तरी काढू नये.

२. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये सुंदर अक्षरासाठी मिळालेला चांदीचा पेला मोडीत द्यावा, कोणाला दाखवू नये. आमच्या सिस्टर म्हणायच्या, नीटनेटक्या अक्षरावर लोक विश्वास ठेवतात. ते खरे निघाले.

३. न्हावा शेव्याजवळच्या एका खासगी गोदाम कंपनीच्या अग्निशमन केंद्रात मी एकवीस वर्षे कारकून होते. जवान रसायनांच्या आगीवरून परतत, काळे झालेले कोट माझ्या टेबलाशेजारी टाकत आणि तशाच हातांनी चहा घेत. तो गलका अजून कानात आहे. कोट मग घरी जात; बायका ते मुलांच्या कपड्यांबरोबर धूत. माझ्या मुदत ठेवीतून केंद्राला कोट धुण्याची दोन मशिने घेऊन द्यावीत. उरलेल्या रकमेतून निवृत्त जवानांची दरवर्षी छातीची तपासणी करावी. खरी तपासणी. हा शब्द मुद्दाम लिहिते.

४. तपासणीसाठी डॉक्टरांची गाडी वर्षातून एकच दिवस येई. मशीनमध्ये जोरात फुंकायचे, की श्वासाचा आकडा उमटे. त्या दिवशी जे आगीवर असत, त्यांचा रकाना माझ्या नोंदवहीत रिकामा राही. एका वर्षी गोटीराम माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. उलवे गावचा, पंप चालवायचा.

"बाई, मागच्या सालचाच आकडा लिवा ना. आग काय फुकून विजवायची हाय?"

सगळे हसले. मीही. आकडा कमी आला तर गेटवर बसवतील, ही त्यांची धास्ती मला ठाऊक होती. वाटले, आपण माया करतो आहोत. पुढे सहा वर्षे त्याचा आकडा मीच भरला. खरा वाटावा म्हणून एखाद्या अंकाने कमी-जास्त करून.

सहाव्या वर्षी तो हसला नाही. "बाई, जिना चढताना दम लागतो. मना तपासाचा हाय." गाडी आदल्या दिवशी येऊन गेली होती. मी म्हटले, "पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा," आणि रकाना भरला. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला होता.

तेव्हाचे व्यवस्थापक सही करताना म्हणत, "तुमचं अक्षर बघून कोण तपासतंय, मॅडम!" त्यांच्यावर माझा फार राग होता. तो आता सोडते. हात माझा होता.

५. गोटीरामची फुप्फुसे गेली आहेत. कंपनी म्हणते, हा आजार नोकरीतला नव्हे. निवृत्तीपर्यंत कागदावर छाती ठणठणीत आहे. त्याच्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी येत्या गुरुवारी आहे. मागच्या महिन्यात मी त्याला भेटून आले. नाकात नळी, तरी मला बघून म्हणाला, "बाई आल्या, खुर्ची पुसा!" त्याची बायको वेणूबाई म्हणाली, "कागद बोलतो छाती बेस हाय. मंग ही नली कोनाला लावलीय, भिंतीला?"

मी चहा प्यायले आणि परत आले.

६. दरवर्षी गाडीत खरोखर कोण जाऊन फुंकून आले, याची यादी माझ्या खासगी डायऱ्यांत आहे. त्या डायऱ्या आणि माझा लेखी कबुलीजबाब माझ्या मृत्यूनंतर वेणूबाईंना द्यावा.

हे सहावे कलम मी खोडले आहे. कारण लिहिते. साक्षीसाठी वरच्या मजल्यावरच्या शकिलाला बोलावले. सही करण्याआधी तिने वाचायला मागितले. मला नाही म्हणवेना.

"आन्टी, तुम्ही रोज टेकडीपर्यंत चालता. शुगर नाही, बीपी नाही. तुम्ही गेल्यावर म्हणजे कधी? गोटीरामकाकांची तारीख तर गुरुवारची आहे."

मी म्हटले, "लोक काय म्हणतील गं? पोलीससुद्धा विचारतील."

"विचारू देत ना. मी येते सोबत."

मी मेल्यावर खरे बोलणार होते, म्हणजे कोणी माझ्याकडे बघू नये अशी सोय करत होते.

म्हणून कलम ६ रद्द. गुरुवारी डायऱ्या घेऊन मी स्वतः सुनावणीला जाईन. त्याआधी उद्या उलव्याला. वेणूबाईंनी हे तिऱ्हाइताकडून ऐकू नये. त्यांनी दार लावून घेतले, तर बाहेर उभी राहून सांगेन, आतल्या खाटेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

बाकीची पाचही कलमे माझ्यामागे लागू व्हावीत. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

(सही) सरोजिनी वसंत निंबाळकर

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली; आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. (सही) शकिला इसाक मुकादम
२. (सही) जोतीराम रामचंद्र कदम, सोसायटीचे सचिव

ठिकाण: खारघर, नवी मुंबई
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार