धीट नातू

सासूबाई,

पियुषले लस टोचाले नेतो, हे मी तुमाले खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुमी हट्ट्याहून निघूच दिलं नसतं. बालाघाटच्या दवाखान्यात त्याचे कान तपासाले बसली आहो.

तो जन्मला तवा रिवाजानं तुमी त्याच्या कानाजवळ थाळी वाजवली. तो दचकला नाही. "धीट हाय माया नातू!" म्हणून तुमी साऱ्या गावाले सांगत फिरल्या.

तुमी वावरात गेल्या का मी तेच थाळी रोज त्याच्या मांगं वाजवतो. अंगणातलं मांजर पळते. तो पाय झाडत हासत राह्यते.

आमचा नंबर आला. आज मायं लेकरू भेकड निघो, सासूबाई.

तुमची सून,
नूतन