कपाशीच्या काड्यांवरचं भरीत

पहूर, ४ जानेवारी २०२५

चि. नवल यास अ. आ.

फोनवर तू नुसता हो हो करतोस, म्हणून कागदच धाडते. चाळिशीला आलास तरी तुझं डोंगर चढणं काही सुटत नाही! जा बापडा, पण एकटा भटकू नकोस, बिबट्याचं जंगल आहे. तुझ्या त्या मित्राला, गिरधरला सोबत ठेव. शेतातली भरताची वांगी पाठवते आहे. गॅसवर भाजून त्यांची माती करू नकोस, कपाशीच्या काड्याच पेटव. रत्नाला आशीर्वाद. जीव सांभाळ, माया आहेच.

तुझी अक्का

साक्री, १० जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न.

वांगी पोचली. इकडे सगळं ठीक. बठ्ठं बरं शे, असं आईच्या बोलीत सांगितलं म्हणजे तुझा विश्वास बसेल. उद्या निघतो, मुक्काम डोंगरावरच. काड्यांचा भारा गिरधरच्या गाडीला बांधला आहे. वनरक्षक विस्तव नको म्हणतात, गवत वाळलंय ना! पण कड्याखाली नुसता खडक आहे. चूल तिथेच मांडू, पाण्याचा कॅन जवळ ठेवू. तुझा भाऊ इतका वेडा नाही. रागावत जा, पण माया कमी करू नकोस.

तुझा नवल

पहूर, २० फेब्रुवारी

चि. रत्नास अ. आ.

सवयीने आधी चि. सौ. लिहिलं आणि तो कागद फाडला. नवलचा दहावा करून परतले, ती तिकडे यायला पाय उचलत नाही. काड्या पेटव असं मीच लिहिलं होतं. तुला तोंड कसं दाखवू? डोंगरावर नक्की काय झालं, मला कोणी धड सांगत नाही. तू सांग. रागावलीस तरी चालेल, पण पत्र टाक.

कोकिळाअक्का

साक्री, २ मार्च

ती. अक्कांना शि. सा. न.

गिरधरभाऊ दवाखान्यातून घरी आले. त्यांनी सांगितलं तेच लिहिते. गवताला ठिणगी लागू नये म्हणून सगळे खालीच बघत राहिले. वर कड्याला आग्या मोहोळ लटकत होतं, तिकडे कोणाची नजरच गेली नाही. धूर वर चढला आणि माशा उठल्या. हे पळून खाली आले होते, अक्का. गिरधरभाऊ मागे पडलेले दिसले, म्हणून परत वर गेले. अंगावरचं पांघरूण त्यांच्यावर टाकलं.

आता गिरधरभाऊ दारात आले की माझ्याने त्यांच्याकडे बघवत नाही. तुमचाही राग येतो, खोटं कशाला लिहू. भांडी घासताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. पण यांच्या लहानपणचं सांगणारं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि तुमच्याजवळ रडल्याशिवाय मला मोकळं वाटायचं नाही. होळीच्या आधी या. माझा राग जाईपर्यंत तुमचा लोभ असू द्या.

तुमची रत्ना