पांढरं ते पांढरं

प्रिय मंगल,

उद्या कारखाना निरीक्षक माझा जबाब घेणार आहेत. त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यावं म्हणून हे पत्र. तुझ्याशी भांडल्याशिवाय मला कुठलं काम कधी सुचलंय?

सिडकोतल्या दोन खोल्यांत आपण दोघी जावा राहिलो आणि काय काय नाही फेकलं एकमेकींवर! तो निळा मग आठवतो? माझ्या कपाळावर टेंगूळ आलं आणि वर तूच हसलीस. "अक्का, पीपी हे ते. फुटत नाय!" अंबडच्या कारखान्यात प्लास्टिक मोल्डिंगला लागल्यापासून तुला प्लास्टिकच्या जाती ओळखायचं हेच वेड. बादली पीपीची, पिशवी पॉलिथिनची, नळाचा पाईप पीव्हीसीचा. पॉलिस्टायरिनचा डबा मात्र तू कितीही चिडलीस तरी खाली ठेवायचीस, कारण तो काचेसारखा फुटतो.

त्या दिवशी तुझ्या मशीनवर पीओएम नावाचं प्लास्टिक चालू होतं, मिक्सरच्या पांढऱ्या चाकांसाठी. दाणा संपला. सुपरवायझरने दळलेल्या पीव्हीसीचं पोतं पुढे सरकवलं. तू म्हणालीस, "साहेब, हे पीव्हीसी हे. यात नाय चालत." तो खेकसला, "पांढरं ते पांढरं. टाक गुपचूप!" शेजारच्या मशीनवरून मी सगळं ऐकलं. आणि तू टाकलंस! माझ्यापुढे कात्रीसारखी चालणारी जीभ तेव्हाच कुठे गेली होती गं?

थोड्याच वेळात सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. काय होतंय ते बघायला तू हॉपरवर, मशीनच्या दाणा ओतायच्या तोंडावर, वाकलीस आणि धडाका झाला. वितळलेला माल उलटा उसळून तुझ्या तोंडावर, गळ्यावर आला. मी हातांनी ओढून काढायला गेले, तर त्याच्याबरोबर तुझी कातडी आली आणि माझीही. माझे तळहात अजून नीट मिटत नाहीत. तू "अक्का" एवढंच म्हणालीस.

पाहणीला आलेल्या निरीक्षकांनी समजावून सांगितलं. प्लास्टिक म्हणजे तीच तीच कडी जोडून केलेली लांबच लांब साखळी. पीव्हीसीच्या कड्यांत क्लोरीन असतो. मशीनच्या त्या आचेला पीव्हीसी जळतं आणि त्यातून आम्ल सुटतं. ते पीओएमच्या साखळीला लागलं की ती स्वेटरसारखी उसवत जाते आणि तिचा डोळ्यांना झोंबणारा वायू होतो. कोंडलेला वायू मिळेल ती वाट फोडतो. त्याच्या वाटेत तुझा चेहरा होता. ऐकताना मला त्या सुपरवायझरचं डोकं त्याच हॉपरमध्ये कोंबावंसं वाटलं. खरंच वाटलं, मंगल!

तो आता सगळ्यांना सांगतोय, बाईने चुकून भलताच दाणा टाकला. भाऊजींनी, तुझा नवरा असून, ते मुकाट ऐकून घेतलं! आणि आमचे हे म्हणतात, "गेलेली काय परत येणार हे का? तू नको मधी पडू." मी परात भिरकावली. स्टीलची होती, भिंतीचा पोपडा निघाला. मागोमाग तुझा निळा मगही मारला. तो फुटला नाही, पण उलटा कोणी फेकलाही नाही.

उद्या मी बोलणार. तो समोर उभा असला तरी बोलणार, नोकरी गेली तरी बोलणार. त्याचे शब्द त्याच्याच तोंडावर मारणार, आणि तेही आपल्या भांडणाच्या आवाजात, ज्याने गल्लीतली सगळी दारं उघडायची. तुझ्या नावावर ही चूक मी लागू देणार नाही. वचन देते.

तुझी भांडकुदळ थोरली जाऊ,
सुमन अक्का